व्हिंटेज नोंदणी आणि व्हिंटेज शर्यतीचा वर्ग: शब्द एक, कसोट्या दोन

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जुनी जावा किंवा राजदूत 350 मोटरसायकल पुन्हा उभी करायला घेतली, की मालक हमखास दोन इच्छा एका दमात सांगतो: गाडी व्हिंटेजमध्ये पास करून घ्यायची आणि व्हिंटेज रेसलाही उतरवायची. शब्द सारखा असल्यामुळे एक काम झाले की दुसरे आपोआप होईल, असा समज होतो आणि तो महागात पडतो.

परिवहन खाते वय पाहते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 2021 च्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी व्हिंटेज ठरू शकते. मात्र ती मूळ स्वरूपात असावी लागते आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षे टिकते, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही.

शर्यतीत वयापेक्षा रचना मोलाची असते, आणि माझ्या मते तेच न्याय्य आहे. 1973 साली हाकन अँडरसन याने मागे एकच शॉकअप असलेल्या यामाहावर 250 सीसी मोटोक्रॉसचे (मातीच्या खडबडीत मैदानावरच्या शर्यतीचे) जागतिक विजेतेपद मिळवले आणि त्यानंतर चाकांची वर-खाली होण्याची चाल झपाट्याने वाढत गेली. खडबडीत मैदानावर लांब चालीच्या गाडीपुढे आखूड चालीची गाडी टिकत नाही. म्हणूनच अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशनच्या व्हिंटेज मोटोक्रॉसमध्ये मागच्या चाकाची चाल 4 इंच आणि पुढच्याची 7 इंच एवढीच मान्य आहे. ही चाल घरीही ताडता येते: गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक मोकळे लोंबू द्यावे, एक्सलपासून मडगार्डपर्यंत टेप धरावी, मग शॉकअपच्या स्प्रिंगा काढून शॉकअप पूर्ण दबेपर्यंत चाक वर ढकलावे आणि पुन्हा मोजावे, दोन मापांतला फरक म्हणजे चाल.

राजदूत 350 मध्ये हा भेद फार स्पष्ट दिसतो. ती भारतात 1983 पासून बनली, त्यामुळे सरकारी हिशेबाने तिची पन्नाशी 2033 च्या आधी भरत नाही. पण तिची रचना 1973 च्या यामाहा आरडी 350 ची आहे, ठळक बदल म्हणजे पुढे डिस्कच्या जागी ड्रम ब्रेक आला. उशिरा बनलेली पण रचना न बदललेली गाडी तिच्या जुन्या भावंडांच्या वर्गात धरावी, हे तत्त्व पुष्कळ शर्यत-नियमावल्यांत असते. तिथे आरसी बुकातले साल शेवटचा शब्द ठरत नाही.

1970 च्या जावाचे गणित उलटे होऊ शकते. शर्यतीसाठी फ्रेमला जादा पट्ट्या वेल्ड केल्या, सिलिंडर बोअर करून इंजिनाचे रूप बदलले, तर त्या काळात प्रचलित असलेले असे बदल काही वर्गांत स्वीकारले जातात, परंतु त्याच बदलांमुळे सरकारी नोंदणी अडते. त्यामुळे फ्रेमला ग्राइंडर लावण्यापूर्वी मालकाने दोन्हींपैकी काय हवे ते ठरवावे. नोंदणी हवी असेल, तर पावडर कोटिंगला देण्याआधी चासी नंबरचा पेन्सिलने छाप घेऊन ठेवावा, कारण रंगाच्या जाड थराखाली जुने अंक नंतर वाचता येत नाहीत.