स्लॅब झाला, पंप धुवायचा राहिला

स्लॅबच्या दिवशी शेवटची गाडी रिकामी झाली की साइटवरची हवा बदलते. बिगारी हातपाय धुतात, मालक पेढे वाटतो, कोपऱ्यात जेवणाची पातेली उघडली जातात. बूम पंपाचा, म्हणजे लांब घडीच्या हातावरच्या पाइपमधून काँक्रीट वर पोचवणाऱ्या गाडीचा, ऑपरेटर आणि त्याचा हेल्पर मात्र या घोळक्यात नसतात. त्यांचं दिवसातलं सगळ्यात घाईचं काम आत्ता कुठे सुरू झालेलं असतं. ‘पाणी मार की लवकर, धरंल ते!’ ही हाक निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव कुठल्याही साइटवर ऐकू येते. हेल्पर कन्नड मुलखातला असेल तर तीच ‘नीरु बिडो’ होते, आणि दोघांनाही दोन्ही कळतं.

एवढी घाई कशाची, हे पंपाच्या पोटात काय उरलंय ते पाहिलं की समजतं. बूमवरची पोलादी पाइप साधारण १२५ मिलिमीटर व्यासाची असते. अशा पाइपच्या एका मीटरमध्ये १२ लिटर काँक्रीट मावतं. मधल्या आकाराच्या बूमवर चाळीसेक मीटर पाइप धरली, तर स्लॅब पुरा झाला तरी जवळपास अर्धा घनमीटर, म्हणजे सुमारे १२०० किलो माल पाइपमध्येच असतो. शिवाय हॉपरमध्ये, म्हणजे पंपात माल ओततात त्या टोपात, तळाशी राहिलेला वेगळा. हा माल आतच धरला, म्हणजे घट्ट झाला, तर पाइप फेकून द्यावी लागते आणि हॉपरसमोर ब्रेकर घेऊन बसावं लागतं.

काँक्रीट उन्हाने वाळून घट्ट होतं अशी समजूत असलेले बरेच लोक भेटतात. तसं असतं तर ऑपरेटरने पाइपमध्ये पाणी भरून ठेवलं असतं आणि निवांत जेवायला बसला असता. पण काँक्रीट पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं. नदीतल्या पुलांचे पाये त्याच भरवशावर ओतले जातात. सिमेंट पाणी गमावत नाही, पाण्याशी रासायनिक संयोग करतं. १०० किलो सिमेंट पुरतं मुरेपर्यंत २३-२४ किलो पाणी कायमचं बांधून घेतं. सिमेंटमधला मुख्य घटक ट्रायकॅल्शियम सिलिकेट. त्यातून एक गुंतागुंतीचा, चिवट जेलसारखा पदार्थ तयार होतो, कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. खडी-वाळूला धरून ठेवणारा तोच. सोबत विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतो. या चुन्याकडे आपण पुढे येऊच, कारण धुतलेल्या पाण्याची सगळी कटकट त्याची आहे.

या क्रियेत निसर्गाने एक सवलत ठेवली आहे. पाणी पडताच पहिली काही मिनिटं सिमेंट झपाट्याने प्रतिक्रिया देतं, थोडी उष्णता सुटते, आणि मग सगळं थंडावतं. पुढचे दोन-तीन तास काही घडतंय असं वाटत नाही. ट्रान्झिट मिक्सरचा (फिरत्या ड्रममधून काँक्रीट आणणाऱ्या गाडीचा) प्रवास, पंपिंग, व्हायब्रेटर, सगळं या शांत काळात उरकायचं असतं. आत मात्र पाण्यात कॅल्शियम साठत असतं. उसाची काकवी चांगली आटली, की एका क्षणी तिच्यात कण धरायला लागतात आणि मग रवा पडायला वेळ लागत नाही. सिमेंटमध्येही हायड्रेटचे पहिले कण एकदा धरले की त्यांच्यावर पुढचे वेगाने वाढतात. तिथून माल ‘धरायला’ लागतो आणि मग पाणी कितीही मारलं तरी मागे फिरत नाही.

तो शांत काळ किती टिकणार, हे तापमानावर फार अवलंबून असतं. १० अंशांनी तापमान वाढलं तर क्रिया ढोबळमानाने पावणेदोन ते दोन पट वेगाने होते. आपल्याच बेळगाव जिल्ह्यात याचे दोन टोकांचे नमुने आहेत. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला काम असेल तर गार, ओल्या हवेत पंपवाल्याला थोडी उसंत मिळते. तोच पंप, तेच मिक्स डिझाइन (सिमेंट-खडी-पाण्याचं प्रमाण) घेऊन एप्रिलमध्ये अथणी-रायबागला गेला, तर उन्हात तापलेली पोलादी पाइप हाताला चटका देते आणि तिच्या आतल्या कडेचा माल मधल्या मालाआधी धरू लागतो. त्यात गाडी प्लँटवरून पन्नास किलोमीटर आलेली असेल, तर अर्धा वेळ रस्त्यातच संपलेला असतो. रेडी मिक्स काँक्रीटच्या भारतीय मानकात गाडी भरल्यापासून दोन तासांत रिकामी करावी असं धरलं आहे, मंदक (धरणं लांबवणारं रसायन) वापरलं असेल तर जास्त. स्लॅबवर मालकाचे नातेवाईक फोटो काढत उभे राहतात, तो वेळही यातूनच जातो.

आता प्रत्यक्ष धुणं. पंपात दोन सिलिंडर असतात. एक हॉपरमधून माल ओढतो तेव्हा दुसरा तो पाइपमध्ये ढकलतो. दोघांच्या तोंडांवर आळीपाळीने फिरतो तो इंग्रजी एस अक्षरासारखा वाकडा पाइप, सगळे त्याला एस-पाइपच म्हणतात. सफाईत ऑपरेटर हाच क्रम उलटा करतो, म्हणजे ‘रिव्हर्स मारतो’. बूमच्या टोकाच्या रबरी होजमध्ये पाण्यात भिजवलेला स्पंजचा बॉल घालतात. पंप उलटा चालला की पाइपमधला माल मागे हॉपरकडे यायला लागतो, आणि त्याच्या पाठोपाठ बॉल, पाइपची भिंत पुसत.

पंप माल ओढून घेतोय असं दिसतं, पण ते पूर्ण खरं नाही. पंप फक्त एका बाजूचा दाब कमी करतो. माल ढकलते ती दुसऱ्या टोकाला असलेली बाहेरची हवा. समुद्रसपाटीला हवा पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंच स्तंभ तोलते. काँक्रीट पाण्याच्या २.४ पट जड, म्हणून त्याचा स्तंभ तोलला जातो फक्त सव्वाचार मीटर. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब आठेक टक्क्यांनी कमी, म्हणजे चार मीटरसुद्धा धड नाहीत. पंप कितीही ताकदवान आणा, ही मर्यादा त्याच्या इंजिनाची नाही, वातावरणाची आहे. म्हणून जाणता ऑपरेटर रिव्हर्स मारण्याआधी बूम उभी करतो, सगळ्या हातांचा उतार हॉपरकडे राहील अशी. मग मोठं काम गुरुत्वाकर्षण करतं आणि हवा थोडा हात लावते. बूम आडवी किंवा टोकाकडे झुकलेली ठेवून नुसता रिव्हर्स मारत बसलेला नवशिक्या पाहिला, की जवळचा जुना हेल्पर न विचारता सल्ला देतो.

पाइपमध्ये माल किती आणि एका ठोक्यात, म्हणजे सिलिंडरच्या एका ओढीत, किती लिटर येतो, हे ऑपरेटरला पाठ असतं. मोठ्या पंपाचा एक सिलिंडर ८० लिटरच्या आसपास ओढतो. अर्ध्या घनमीटरला हिशेबाने सहा-सात ठोके. सिलिंडर पुरा भरत नाही म्हणून प्रत्यक्षात आठ-दहा. तेवढे मोजून झाले तरी बॉल हॉपरजवळच्या एल्बोपर्यंत (पाइपच्या वळणापर्यंत) आला नाही, तर कुठेतरी माल अडकला. बॉल आल्याचं आधी कानाला कळतं: जड, दबका ठोका एकदम हलका होतो.

बॉल न घालता नुसतं पाणी का सोडत नाहीत? पाणी मालाला ढकलत नाही, त्याच्यातून वाट काढतं. जाताना सिमेंटचं दूध आणि बारीक वाळू घेऊन जातं, मागे खडी उरते. आणि पाइपमध्ये काँक्रीट सरकतं ते भिंतीलगतच्या सिमेंट-वाळूच्या बुळबुळीत थरावर. तो थर गेला की खडी एकमेकींत अडकून पाचर बसते आणि पाइप जाम. म्हणून पाणी आणि माल यांच्यामध्ये आडोसा हवाच.

लांब पाइपलाइन असली की काही ठिकाणी कॉम्प्रेसरच्या हवेने बॉल हाणतात. हे मला पटत नाही. अर्ध्या घनमीटर पाइपमध्ये ७ बार दाबाची हवा भरली तर तिच्यात साठलेली ऊर्जा एक टन वजन चाळीस-पन्नास मीटर उचलायला पुरेल इतकी असते. तेवढ्याच दाबाच्या पाण्यात ती हजारो पटींनी कमी, कारण पाणी दाबून लहान होत नाही. पाण्याची पाइप सुटली तर पाणी सांडतं आणि दाब संपतो. हवेची सुटली तर बॉल, खडी आणि होजचं टोक बंदुकीच्या गोळीसारखं निघतं. हवाच वापरायची वेळ आली, तर टोकाची रबरी होज काढून टाकायची, बॉल पकडणारी जाळी बसवायची, समोर चिटपाखरू नको आणि दाब पूर्ण उतरल्याशिवाय एकही क्लॅम्प सोडायचा नाही.

हॉपरचं काम कंटाळवाणं आणि म्हणून धोक्याचं. खालचं झाकण उघडून माल पाडतात, मग प्रेशरच्या पाण्याने आतून मारा. एस-पाइपच्या वळणामागे, जिथे पाण्याची धार सरळ पोचत नाही, तिथे माल चिकटून राहतो. तो खरवडायला हात आत घालायचा मोह होतो. पण इंजिन बंद केलं तरी पंपाच्या अॅक्युम्युलेटरमध्ये नायट्रोजनने दाबून धरलेलं तेल असतं, आणि त्या दाबावर एस-पाइप डोळ्याचं पातं लवायच्या आत फिरतो. आधी तो दाब उतरवायचा, मग हात. सिलिंडरच्या मागची वॉटर बॉक्सही याच वेळी रिकामी करतात. त्यातलं पाणी नुसतं गढूळ असेल तर ठीक. सिमेंटसारखं राखाडी, वाळूची कचकच असलेलं निघालं तर पिस्टनचं रबर गेलं समजा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सिलिंडरचं काम जाणणारे कारागीर भरपूर आहेत, पण ही खूण वेळेवर पाहिली तर त्यांच्याकडे जायची पाळी उशिरा येते. धरलेले डाग काढायला फरशीवाल्यांचं अॅसिड मारणारेही आहेत. त्याने सिमेंट निघतं, आणि सोबत सिलिंडरच्या आतला क्रोमचा कठीण थरही खायला लागतो.

गाडी रस्त्यात बंद पडली, माल आतच आहे, आणि तास उलटून चाललेत, अशा वेळी साखर. ही ट्रकवाल्यांची गंमत नव्हे, काँक्रीटच्या शास्त्रात नोंदलेली गोष्ट आहे. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला २५ ग्रॅम, पाच-सहा चहाचे चमचे, एवढ्याने माल धरायला काही तास उशीर होतो. ०.२ ते १ टक्का घातली तर तो जवळजवळ धरतच नाही. साखरेचे रेणू नव्या हायड्रेट कणांच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि त्यांची वाढ रोखतात. इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्राखालच्या चॅनल बोगद्याच्या कामात जमिनीखाली धुण्याची सोय नव्हती, तेव्हा उरलेला माल धरू नये म्हणून मळी वापरली होती. संकेश्वर, उगारपासून पार अथणीपर्यंत कारखान्यांच्या धुराड्यांखाली राहणाऱ्या आपल्याला ही मळी काही परकी नाही. मात्र असा माल पुन्हा स्लॅबला वापरायचा नसतो. तो वाचवण्यासाठी नव्हे, गाडी वाचवण्यासाठी साखर.

राहिलं ते धुतलेलं पाणी. खरं तर पंपाची सफाई आपण इथे अर्धीच करतो: पंप स्वच्छ होतो आणि घाण गटारात जाते. हे पाणी नुसतं मातकट नसतं. विरलेल्या चुन्याने त्याचा सामू (pH) १२ ते १३ पर्यंत जातो. शुद्ध पाण्याचा ७. मोजपट्टीवर एकेक अंक म्हणजे दहापट, तेव्हा १२ चं पाणी एक लाख पट अल्कधर्मी. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याचा सामू ५.५ ते ९ असावा असा देशाचा नियम आहे. गमबूटात हे पाणी शिरलं आणि माणूस दोन तास तसाच काम करत राहिला तर कातडी भाजते, आणि सुरुवातीला दुखत नसल्याने ते उशिरा कळतं. डोळ्यात उडालं तर तिथल्या तिथे स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवावं, मग दवाखाना.

नाल्यात पोचल्यावर आणखी एक गोष्ट होते. बेळगावच्या बळ्ळारी नाल्यासारख्या, शहराचं सांडपाणी घेऊन शेताकडे जाणाऱ्या प्रवाहात अमोनियम असतंच. एरवी ते फारसं घातक नाही. सामू ९ च्या वर गेला की त्यातल्या बऱ्याचशा भागाचा अमोनिया होतो, आणि अमोनिया माशांना थोडासाही मारक. म्हणजे सिमेंटचं पाणी स्वतःचं विष आणतंच, पण आधीपासून असलेल्या घाणीलाही विष बनवतं. मातीचं मात्र सगळीकडे एकच उत्तर नाही. खानापूरकडची तांबडी जांभ्याची माती आम्लधर्मी, तिला थोडा चुना मानवतो. शेतकरी मुद्दाम घालतात. चिकोडी-अथणीच्या काळ्या मातीत आधीच चुना भरपूर, तिथे आणखी नको. आणि दोन्हीकडे सिमेंटची साय वर बसून धरली, तर पाणी मुरत नाही आणि बी वर येत नाही.

यावर उपाय महाग नाही. सात फूट बाय सात फूट, दीड फूट खोल खड्डा, आत जाड प्लास्टिक. दोन हजार लिटर मावतं, पंपाच्या सफाईला पुरेसं. खडी-वाळू तळाशी बसते. पाण्यावर एक-दोन दिवसांत पांढरी पापडी धरते: शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारून जो दुधाळ रंग आणला होता, तोच कॅल्शियम कार्बोनेट, इथे हवेतल्या कार्बन डाय-ऑक्साइडने केलेला. त्याने वरवरचा सामू हळूहळू उतरतो, पण खालचं पाणी बरेच दिवस तिखटच राहतं, म्हणून ते उपसून नाल्यात सोडायचं नाही. पुढच्या गाडीचा हॉपर धुवायला चालतं. अडचण जागेची सांगतात. दीड-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर सेप्टिक टँकचा खड्डा बहुतेक वेळा आधीच खणलेला असतो, पण त्यात हा माल ओतू देऊ नये, धरला की तो खड्डा पुन्हा फोडावा लागतो. वेगळा कोपरा कुणी द्यायचा आणि खड्डा कुणी करायचा, हे पंपाचा दर ठरवतानाच बोलून घेतलं तर संध्याकाळी मालक आणि ऑपरेटरची हुज्जत होत नाही. तळाचा माल दोन दिवसांनी पहारीने फुटतो, आणि प्लिंथच्या (जोत्याच्या) भरावात जातो.