पडलेला दात दुधात ठेवा, हा सल्ला आला कुठून?

खेळताना तोंडावर आपटून आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा पटाशीचा दात मुळासकट बाहेर आला, तर आज जगभरचे दंतवैद्य एकच सांगतात. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका, माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाईनने हलकेच धुवा आणि जमलं तर तिथल्या तिथे खोबणीत बसवा. नाहीच जमलं तर दुधात बुडवून ताबडतोब दवाखाना गाठा. आज हे सोपं वाटतं, पण एके काळी दंतवैद्य स्वतःच याच्या नेमकं उलट करत होते.

पडलेला किंवा हलणारा दात वाचवायचा प्रयत्न मात्र फार जुना. सुमारे हजार वर्षांपूर्वी आजच्या स्पेनमधल्या कॉर्दोबाचे शल्यचिकित्सक अल-झहरावी यांनी हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधायची रीत लिहून ठेवली. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्रोज पारे यांनी निखळलेले दात पुन्हा बसवून बांधण्याबद्दल लिहिलं. अठराव्या शतकात लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी, उपटलेला दात दुसऱ्या जिवंत शरीरात रुजतो का हे पाहायला, माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवून पाहिला. त्याच लंडनमध्ये चार पैशांसाठी गरीब मुलांचे धडधाकट दात उपटून श्रीमंतांच्या तोंडात बसवले जात. दंतवैद्यकाच्या इतिहासातलं हे पान वाचताना आजही संताप येतो. एवढं करून ते दात टिकत नसतच. काही काळ घट्ट वाटायचे, मग मूळ विरघळून गळून पडायचे.

पुढे जंतूंचं ज्ञान आलं आणि मूळ विरघळण्याचं खापर घाणीवर फुटलं. मग दंतवैद्य पडलेल्या दाताचं मूळ खरवडून स्वच्छ करू लागले, जंतुनाशकात बुडवू लागले, दात हातात धरूनच रूट कॅनल करू लागले आणि शेजारच्या दातांना आठवडेच्या आठवडे करकचून बांधून ठेवू लागले. हेतू चांगला होता, पण खरवडलं जात होतं तेच नेमकं जिवंत होतं.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये पाव मिलिमीटरहूनही पातळ असा तंतूंचा थर असतो. दात निखळतो तेव्हा हा थर मधोमध फाटतो, निम्मा खोबणीत राहतो, निम्मा मुळावर. मुळावरच्या पेशी जिवंत असतील तर दात बसवल्यावर दोन्ही बाजू पुन्हा सांधतात. त्या वाळून मेल्या असतील तर शरीर त्या मुळाला हाडासारखंच वागवतं. म्हणजे हळूहळू खातं आणि त्या जागी हाड भरतं.

हे ठामपणे पुढे आलं ते कोपनहेगनमधून. येन्स ओव्हे आंद्रेआसन आणि त्यांचे सहकारी यॉर्टिंग-हान्सेन यांनी परत बसवलेल्या ११० दातांचा पाठपुरावा करून १९६६ मध्ये निष्कर्ष मांडले. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दातांपैकी ९० टक्के दातांच्या मुळांची झीज दिसली नाही. दोन तासांहून अधिक उशीर झालेल्या दातांपैकी ९५ टक्क्यांची मुळं झिजली. दवाखान्यात डॉक्टर काय करतात याहून दात किती वेळ बाहेर कोरडा पडून राहिला याला जास्त महत्त्व होतं. बालदंतचिकित्सेत याइतकं मोठं वळण मला दुसरं दिसत नाही, कारण उपचाराची सूत्रं त्याने मैदानावरच्या शिक्षकाच्या आणि आईबापाच्या हाती दिली. १९९५ मध्ये आंद्रेआसन यांच्याच गटाने ४०० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यातही कोरड्या वेळेचं महत्त्व कायम राहिलं.

मग प्रश्न आला, वाटेत दात ठेवायचा कशात? रुमालात तो वाळतो. पाण्यात पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. १९८० च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्लॉमलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूध आणि लाळ यांत या पेशी किती तगतात ते तपासलं, पुढे माकडांच्या दातांवर प्रयोग केले. दूध सरस ठरलं. त्यातल्या क्षारांचं प्रमाण पेशींना मानवतं, आम्लता जवळपास नसते, पाश्चराइज्ड दुधात जंतू कमी असतात आणि ते जवळच्या दुकानात मिळतं. प्रयोगशाळेतली खास द्रावणंही चांगली आहेत, पण ती खेळाच्या मैदानाजवळ कुठून मिळणार?

करकचून बांधणंही गेलं. आता बारीक लवचीक तार साधारण दोन आठवडेच लावतात, म्हणजे चावताना दात किंचित हलतो आणि तंतू नीट सांधतात.

मुलांच्या बाबतीत एक वेगळी अडचण असते. मूळ हाडाला चिकटलं तर मोठ्या माणसाचा दात तसाच बरीच वर्षं निभावतो, पण वाढत्या मुलाचा जबडा पुढे वाढतो आणि तो दात मागेच, आखूड दिसत राहतो. शिवाय तिथलं हाडही वाढायचं थांबतं. १९८४ मध्ये स्वीडनच्या मालमग्रेन यांनी यावर उपाय मांडला. दाताचा दिसणारा भाग काढायचा आणि मूळ आतच सोडायचं, म्हणजे त्याचं हाड होत जातं आणि पुढे इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम दातासाठी, जागा शाबूत राहते.

या सगळ्या निष्कर्षांना एक्स-रेचा आधार होता. १८९६ मध्ये जर्मनीत ओट्टो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला, तेव्हा २५ मिनिटं स्थिर राहावं लागलं होतं. आपण ज्याला ओपीजी म्हणतो, तो अख्ख्या जबड्याचा एक्स-रे फिनलंडच्या यर्यो पाटेरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला विकसित केला. नव्वदच्या दशकाअखेरीस सीबीसीटी हे दातांचं स्कॅन आलं आणि मुळाची त्रिमितीय प्रतिमा मिळू लागली. तरीही मार लागलेल्या मुलाचे आधी साधे छोटे एक्स-रेच काढतात, वेगवेगळ्या कोनांतून. वाढत्या पेशींना किरणांचा धोका जास्त असतो, म्हणून सीबीसीटी सरसकट करणं योग्य नाही. त्याने उपचार बदलणार असेल तरच करावं.

एक अपवाद पक्का ध्यानात हवा. वरचं सगळं कायमच्या दातांसाठी आहे. दुधाचा दात निखळला तर तो परत बसवत नाहीत, कारण त्याच्या मुळाशीच कायमच्या दाताचा अंकुर वाढत असतो आणि त्याला इजा होऊ शकते. आपल्याकडे दुधाचा दात छपरावर टाकतात, ते खुशाल करावं. पण दोन-तीन वर्षांच्या मुलाचा दात मार लागून पडला असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. त्या धक्क्याने वरच्या अंकुरावर डाग किंवा खड्डा राहिला का, हे तो कायमचा दात सात-आठ वर्षांच्या वयात उगवल्यावरच कळतं.