एकच स्पिन उलटतो? नाही!

कोल्हापुरात एम.एस्सी.च्या मुलांच्या वह्यांत एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: 'क्वांटम हॉल अवस्थेत चुंबकीय क्षेत्र तीव्र, म्हणून सगळे स्पिन एका दिशेला, एक इलेक्ट्रॉन वाढला तर एकच स्पिन उलटतो.' (क्वांटम हॉल अवस्था म्हणजे पातळ थरातल्या इलेक्ट्रॉनांची, अतिथंड तापमानात आणि तीव्र चुंबकीय क्षेत्रात दिसणारी अवस्था; स्पिन म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनचं इवलंसं चुंबकत्व.) ते वाक्य चूक आहे. खरं चित्र कितीतरी देखणं आहे.

हे प्रयोग ज्यात होतात त्या गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकात स्पिनवरची चुंबकाची पकड ढिली असते. त्यांना रांगेत धरते ती मुख्यतः इलेक्ट्रॉनांमधली विनिमय ऊर्जा (शेजारचे स्पिन समांतर असले की वाचणारी ऊर्जा), आणि तिला शेजारचा स्पिन अचानक उलटलेला खपत नाही. म्हणून भरण-अंक (चुंबकीय क्षेत्राने पाडलेल्या ऊर्जा-पातळ्यांपैकी किती भरल्यात तो आकडा) 1 पासून जरा सरकला की स्पिन हळूहळू वळत जातात: मध्यभागी खाली, कडेला वर. हाच स्कर्मिऑन. 1995 मध्ये एनएमआरने (अणुकेंद्रांच्या चुंबकीय अनुनादाने) मोजलं, तेव्हा एका विद्युतभारामागे साधारण 3.6 स्पिन उलटलेले निघाले!

स्कर्मिऑन विद्युतभारित, त्यामुळे एकमेकांना दूर लोटतात आणि जाळी बनते. ती त्रिकोणीच असणार असं वाटतं. पण शेजारच्या स्कर्मिऑनांचे आडवे स्पिन (खाली आणि वर यांच्या मधले, थराच्या प्रतलात पडलेले) विरुद्ध दिशांना हवे असतात, आणि तिघांना एकाच वेळी एकमेकांच्या विरुद्ध उभं राहता येत नाही. म्हणून गणितात चौकोनी जाळी सरस ठरते. स्कर्मिऑन फारच विरळ असतील तेव्हा मात्र त्रिकोणी.