पक्षाची साइट नुसती उघडली तर नंबर जातो का?
‘राजकीय पक्षाची वेबसाइट नुसती उघडली, तरी तुमचं नाव आणि मोबाइल नंबर त्यांच्याकडे जातो’ असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. शंका रास्त आहे, पण घडतं वेगळं. पान उघडताना साइटला कळतो आयपी पत्ता (म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक), ब्राउझरचा प्रकार आणि वेळ. बहुतेकदा कुकीही, म्हणजे साइटची एक छोटी नोंद, तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवली जाते. नाव-नंबर जातो तो सदस्यत्वाचा किंवा देणगीचा फॉर्म आपणच भरून पाठवल्यावर.

एक मेख मात्र आहे: एसएमएसमधून आलेली लिंक. तिच्या शेवटी अक्षर-आकड्यांची लांबलचक शेपटी असेल, तर ती खास तुमच्याच नंबरासाठी बनवलेली असू शकते; मग ती उघडली की कोणत्या नंबरला पाठवलेली लिंक उघडली गेली, हे पाठवणाऱ्याला कळतं. त्यापेक्षा साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. कुकी बघायच्या असतील तर कॉम्प्युटरवर क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा. तिथून त्या पुसताही येतात.