इंग्रजी पुरुषनामे

इंग्लंडमध्ये रूढ असलेली पुरुषांची नावे मुख्यतः जुनी इंग्रजी, उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी आणलेली जर्मानिक नावे आणि बायबल व संतपरंपरेतून आलेली हिब्रू, ग्रीक व लॅटिन नावे यांतून घडली आहेत.

नॉर्मनांच्या आधीच्या अँग्लो-सॅक्सन काळात दोन शब्द जोडून नाव ठेवत. एडवर्ड म्हणजे ‘ऐश्वर्य’ आणि ‘रक्षक’. एडमंडमध्ये ‘ऐश्वर्य’ आणि ‘संरक्षण’. मात्र या जोड्यांचा सामासिक अर्थ लावत बसणे फसवे ठरते. वुस्टरचा बिशप वुल्फस्टन (मृत्यू १०९५) याच्या आईचे नाव वुल्फगिफू आणि वडिलांचे एथेलस्टन. आईच्या नावातला ‘लांडगा’ आणि वडिलांच्या नावातला ‘दगड’ मुलाकडे आला. इथे अर्थापेक्षा नात्याची खूण महत्त्वाची होती.

१०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि काही पिढ्यांतच विल्यम (‘इच्छा’ व ‘शिरस्त्राण’), रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री ही नावे शेतकऱ्यांच्या घरांतही पोचली. जुनी नावे बहुतेक लोपली. एडवर्ड टिकले, कारण त्या नावाच्या राजाला ११६१ मध्ये संतपद मिळाले. त्याचा भक्त असलेल्या राजा तिसऱ्या हेन्रीने १२३९ मध्ये जन्मलेल्या मुलाला तेच नाव दिले.

चर्चमुळे जॉन (‘परमेश्वर कृपाळू आहे’), थॉमस (अरामी भाषेत ‘जुळा’), जॉर्ज (ग्रीकमध्ये ‘शेतकरी’) ही नावे रुजली. ११७० मध्ये कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये तिथला आर्चबिशप थॉमस बेकेट याची हत्या झाल्यावर थॉमस हे नाव फार लोकप्रिय झाले. मराठी बायबलमध्ये जॉनचा योहान आणि थॉमसचा थोमा होतो.

मोजकीच नावे गावोगाव वापरात राहिल्याने माणसे ओळखायला लाडकी रूपे लागली. रॉबर्टचे रॉब, हॉब आणि डॉब झाले. त्यांतून रॉबसन, हॉबसन, डॉबसन ही आडनावे निघाली. रिचर्डच्या डिकपासून डिक्सन आले.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर प्रॉटेस्टंट घरांत संतांची नावे मागे पडून सॅम्युएल, डॅनियल अशी जुन्या करारातली नावे पुढे आली. प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंटांनी, तर प्रार्थनेचे शब्दच नावे म्हणून दिले: १६५३ च्या संसदेत प्रेझ-गॉड (‘देवाची स्तुती करा’) बेअरबोन नावाचा सदस्य होता. पुढे सिडनी, स्टॅन्ली, पर्सी ही घराण्यांची आडनावे पहिली नावे झाली. एकोणिसाव्या शतकात मध्ययुगाबद्दलच्या ओढीने आल्फ्रेड आणि एडगर ही अँग्लो-सॅक्सन नावे पुन्हा मुलांना दिली जाऊ लागली.