विकास-कर्ज आणि त्याची सामाजिक-पर्यावरणीय किंमत

धरण, महामार्ग, वीजप्रकल्प, बंदर, नळपाणी योजना अशा कामांसाठी एखाद्या देशाच्या सरकारला जागतिक बँक, आशियाई विकास बँक किंवा दुसऱ्या देशाची सरकारी बँक जे कर्ज देते त्याला विकास-कर्ज म्हणतात. पेपरात याला सर्रास 'मदत' म्हटलं जातं, पण अनुदानाचा भाग सोडला तर हे कर्जच आहे, फेडावं लागतं. करारावर सही करतं राजधानीतलं अर्थखातं, पैसा खर्च करतं एखादं महामंडळ नाहीतर पाटबंधारे खातं, आणि ज्याचं घर-शेत त्या कामाखाली जातं तो माणूस त्या कागदावर कुठेच नसतो. या विषयातली बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

सुरुवात १९४४ची. अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला ४४ देश जमले आणि त्यातून जागतिक बँक आणि नाणेनिधी या दोन संस्था निघाल्या. बँकेचं पहिलं कर्ज १९४७ मध्ये फ्रान्सला गेलं, २५ कोटी डॉलर, युद्धात मोडलेला देश उभा करायला. युरोप सावरला तसा बँकेचा मोर्चा आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेकडे वळला. १९६० मध्ये गरीब देशांना सवलतीचं, लांब मुदतीचं कर्ज द्यायला आयडीए आली, १९६६ मध्ये मनिलात आशियाई विकास बँक, आणि अलीकडे २०१६ पासून बीजिंगची एआयआयबी, म्हणजे आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँक. खाजगी कंपन्यांना पैसे देणारी आयएफसी ही जागतिक बँकेचीच शाखा, १९५६ची.

पैसा एकदम येत नाही, काम पुढे जाईल तसा हप्त्याहप्त्याने येतो, आणि त्याला अटी असतात. पण परतफेडीचा कामाच्या यशाशी संबंध नाही हे नीट समजून घ्यायला हवं. कालवा कोरडा राहिला, जंगल गेलं, पुनर्वसन फसलं तरी सरकारला पैसे फेडायचेच, तेही डॉलर-येनमध्ये, म्हणजे स्थानिक चलन घसरलं की बोजा आपोआप वाढतो. शिवाय देश अडचणीत आला तर या बँकांची देणी इतरांच्या आधी भागवायची असा रिवाज आहे. चुकीच्या प्रकल्पाचा तोटा कर्ज देणाऱ्याच्या अंगाला फारसा लागत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोम हीच आहे, पर्यावरणाचे नियम वगैरे नंतर येतात. बँकेच्याच विली वापेनहान्स यांनी १९९२ मध्ये अंतर्गत अहवालात लिहिलं की एक तृतीयांशाहून जास्त प्रकल्प असमाधानकारक ठरतायत आणि माणसांचं सगळं लक्ष कर्ज मंजूर करून घेण्यावर असतं, पुढे काय होतं त्यावर नाही.

आता सरदार सरोवर, गुजरातेतलं नर्मदेवरचं धरण, कारण या विषयाचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण तेच. नर्मदेच्या पाण्यावरून राज्यांत झालेला तंटा सोडवायला नेमलेल्या नर्मदा लवादाचा निवाडा १९७९चा. त्यात जमिनीला जमीन, किमान २ हेक्टर, आणि सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब असं स्पष्ट लिहिलेलं, त्या काळाच्या मानाने खरोखर चांगला निवाडा. जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे करार केले. आणि भारत सरकारच्या पर्यावरण खात्याची परवानगी कधीची? १९८७ची, तीसुद्धा सशर्त, अभ्यास नंतर पूर्ण करा म्हणून. म्हणजे पैसे आधी ठरले आणि काय बुडणार, कोण बुडणार हे नंतर मोजायला घेतलं.

महाराष्ट्रातली ३३ गावं यात आली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली, तेव्हाचा धुळे जिल्हा, १९९८ पासून नंदुरबार. इथल्या भिल्ल-पावरा आदिवासींची पुष्कळशी शेती डोंगरउतारावर, वनखात्याच्या जमिनीत, तिला तिकडे नेवाड म्हणतात. आज्यापणज्यापासून कसतात पण सातबारा नाही, कारण जमीन कागदोपत्री सरकारची. आता लवादाचं सूत्र काय, तर ज्याची एक चतुर्थांशाहून जास्त जमीन संपादन होते तो खातेदार. ज्याच्या नावावर जमीनच नाही तो मग भूमिहीन नाहीतर अतिक्रमणदार ठरतो, आणि ज्वारी-मका पिकवून घर चालवणारा माणूस यादीत येतच नाही. यादीत आला तो 'घोषित', राहिला तो 'अघोषित', हे दोन शब्द त्या भागात लहान पोरालाही कळतात आणि अघोषितांची भांडणं वर्षानुवर्षं चालली. सर्व्हे करणारा माणूस वाईट होता असं नाही, त्याच्या फॉर्ममध्ये ज्या रकान्यांना जागा होती तेच त्याने भरलं. नदीतली मासळी, मोहाची फुलं, जनावरांची चराई, नदीपलीकडच्या गावातले सोयरे, याला रकानाच नव्हता. कालव्याने ज्यांची जमीन गेली आणि केवडियाला धरणाच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतीसाठी १९६१ मध्ये ज्यांची जमीन घेतली तेही प्रकल्पग्रस्त धरले गेले नव्हते.

नर्मदा बचाव आंदोलनाने हा प्रश्न थेट बँकेच्या दारात नेला. १९९० मध्ये जपानने टर्बाइनसाठीचं पुढचं कर्ज थांबवलं, १९९१ मध्ये बँकेला ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली, सोबत थॉमस बर्जर. जून १९९२ मध्ये त्यांचा अहवाल आला, सध्याच्या परिस्थितीत सगळ्यांचं पुनर्वसन शक्य नाही, पर्यावरणाचा विचार धड झालेला नाही, बँकेने मागे यावं. बँक तरी लगेच मागे आली नाही, अटी घालून मुदत दिली, आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनेच उरलेले सुमारे १७ कोटी डॉलर नको म्हणून कळवलं.

असे प्रकार जगभर झालेत. आफ्रिकेत झांबेझी नदीवरचं करिबा धरण, बँकेने १९५६ मध्ये ८ कोटी डॉलर दिले, ५७ हजारांच्या आसपास टोंगा लोक उठवले गेले. ब्राझीलमध्ये १९८०च्या दशकात बँकेच्या कर्जावरच्या पोलोनोरोएस्ते योजनेत रोंडोनिया राज्यातून सुमारे १५०० किलोमीटरचा रस्ता डांबरी झाला आणि त्या रस्त्याने वसाहतवाले लोंढ्याने आले, जंगल तुटलं, आदिवासींच्या जमिनी गेल्या, मलेरिया पसरला, शेवटी १९८५ मध्ये बँकेने हप्ते थांबवले. ग्वाटेमालातल्या चिक्सॉय धरणाचं तर लिहितानाही हात थांबतो. जागा सोडायला नकार देणाऱ्या रिओ नेग्रो गावातल्या बायका-मुलांची मार्च १९८२ मध्ये लष्कर आणि गस्ती टोळ्यांनी कत्तल केली, १७७ जण, आणि तरी १९८५ मध्ये त्याच प्रकल्पाला बँकेचं आणखी कर्ज मिळालं. नुकसानभरपाईचा करार २०१४ मध्ये झाला, तोही ग्वाटेमाला सरकारच्या पैशातून.

विस्थापन म्हणजे फक्त घर जाणं नाही हे बँकेलाच तिच्याच समाजशास्त्रज्ञाने शिकवलं. मायकेल सर्निया १९७४ मध्ये तिथे रुजू झाले, पुढे त्यांनी विस्थापनातून गरिबी कशी येते याचे आठ धोके मांडले, जमीन, रोजगार आणि घर जाणं हे तर आहेच, पण सामायिक संसाधनं हातची जाणं, आजार वाढणं, उपासमार, समाजात किंमत न राहणं आणि माणसांची एकमेकांतली वीण उसवणं. रोख पैशाने यातला जेमतेम एखादाच धोका भरून निघतो. महाराष्ट्रातले धरणग्रस्त 'आधी पुनर्वसन, मगच धरण' म्हणतात त्यात हेच आहे. जागतिक धरण आयोगाने २००० मध्ये अंदाज दिला की मोठ्या धरणांमुळे जगात ४ ते ८ कोटी लोक विस्थापित झाले. एवढ्या मोठ्या आकड्यात दुपटीचा फरक राहतो, याचा अर्थ माणसं नीट मोजलीच गेली नव्हती.

नियम हळूहळू आले. सक्तीच्या विस्थापनाबद्दल बँकेचं पहिलं धोरण १९८०चं, पर्यावरणीय मूल्यांकन १९८९चं. नर्मदेच्या लढ्यानंतर १९९३ मध्ये इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन झालं, बाधित लोकांना बँकेविरुद्ध थेट बँकेतच तक्रार करता येण्याची ही पहिली सोय. पहिलंच प्रकरण नेपाळच्या अरुण-३ जलविद्युत प्रकल्पाचं, १९९५ मध्ये बँकेने अंग काढून घेतलं. पुढे मुंबईतल्या एमयूटीपी या शहरी वाहतूक प्रकल्पाबद्दल, रेल्वे आणि जोडरस्त्यांसाठी उठवलेल्या झोपडीवासी आणि दुकानदारांच्या तक्रारींवर, मार्च २००६ मध्ये रस्ते आणि पुनर्वसनाचे हप्ते काही महिने थांबले होते. २०१८ पासून बँकेच्या प्रकल्पांना दहा सामाजिक-पर्यावरणीय मानकांची नवी चौकट लागू आहे. पॅनेलला शिक्षेचा अधिकार नाही, ते फक्त बँकेने स्वतःचे नियम पाळले का एवढं तपासतं, तरी ज्याला कोणीच विचारत नव्हतं त्याचं म्हणणं संचालक मंडळापर्यंत लेखी पोचतं हे मला लहान वाटत नाही.

पण कर्ज देणारा निघून गेला म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. युगांडात एका रस्त्याच्या कामावरच्या मजुरांकडून मुलींचं लैंगिक शोषण झालं तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये बँकेने कर्जच रद्द केलं, आणि मग त्या मुलींचं काय, ही जबाबदारी कोणाची, हा प्रश्न लगेच समोर आला. तुर्कस्तानच्या इलिसू धरणातून जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड २००९ मध्ये बाहेर पडले, सरकारने दुसरीकडून पैसा उभा केला आणि प्राचीन हसनकेफ शहर २०२० मध्ये पाण्याखाली गेलं. अरुण नदीवरच्या त्याच प्रकल्पाची ९०० मेगावॉटची आवृत्ती आता भारताची सरकारी कंपनी बांधतेय, पायाभरणी २०१८ची. अट घालणारा गेला की अट पण जाते, म्हणून बरेच आंदोलक कर्ज रद्द करा म्हणण्याआधी बाधित लोकांचं राहिलेलं देणं पूर्ण करा असं म्हणतात. चीनच्या बँकांकडून भरपूर कर्ज मिळायला लागल्यापासून सरकारांना पर्याय वाढलेत, करार बरेचदा गुप्त असतात. श्रीलंकेचं हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं.

कोर्टाचा रस्ता आत्ता कुठे किलकिला झालाय. गुजरातेत मुंद्र्याच्या ४००० मेगावॉटच्या कोळसा प्रकल्पाला आयएफसीने ४५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं, तिथल्या मच्छीमार-शेतकऱ्यांनी आयएफसीवर अमेरिकेत दावा लावला, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध १ मतांनी निकाल दिला की अशा संस्थांना दाव्यापासून सरसकट संरक्षण नाही. नंतर खालच्या कोर्टांनी मात्र हा दावा ऐकता येत नाही असं म्हणून तो काढून टाकला, कारण नुकसान करणारं काम भारतात झालं, अमेरिकेत नाही.

सरदार सरोवराचं काम बँक गेल्यावरही चाललं, ऑक्टोबर २००० मध्ये भारताच्या सुप्रीम कोर्टाने बांधकामाला मोकळीक दिली, २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीवर दरवाजे बंद झाले. त्या वेळीही खोऱ्यात कितीतरी कुटुंबांचं घोषित-अघोषितचं भांडण मिटलेलं नव्हतं.