एल्म नसलेला 'द एल्म्स'

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात न्यूपोर्ट नावाचं समुद्राकाठचं शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे धनाढ्यांनी उन्हाळ्यापुरतं राहायला घरं बांधली. त्यांतल्या 'द ब्रेकर्स'मध्ये ७० खोल्या आहेत, तरी मंडळी त्याला 'कॉटेज'च म्हणायची! जवळच बेल्व्ह्यू अ‍ॅव्हेन्यूवर एडवर्ड बर्विंड या कोळसासम्राटाने १९०१ साली 'द एल्म्स' बांधून पुरा केला. खर्च चौदा लाख डॉलर. सगळा पैसा कोळशाचा, पण कोळसा नजरेला पडता कामा नये. म्हणून मागच्या रस्त्यापासून तळघरापर्यंत भुयार खणलं आणि रुळांवरच्या ढकलगाडीतून कोळसा थेट भट्टीपाशी नेला.

घराला नाव पडलं ते आवारातल्या एल्म वृक्षांवरून. ते एल्म आता नाहीत.

पहिल्या महायुद्धानंतर युरोपात एल्म अचानक वाळायला लागले. बेआ श्वार्ट्झ या डच संशोधिकेने त्यामागची बुरशी शोधून काढली आणि बक्षीस म्हणून रोगालाच तिच्या देशाचं नाव चिकटलं : डच एल्म डिसीज. १९३० साली तो ओहायोत सापडला. फर्निचरच्या पातळ पापुद्र्यांसाठी युरोपातून मागवलेल्या एल्मच्या ओंडक्यांतून तो आला होता. सालीखाली अंडी घालणारे इवलेसे भुंगेरे या बुरशीचे बीजाणू अंगावर घेऊन हिंडतात. बुरशी आत शिरली की झाड तिला अडवण्यासाठी आपल्याच जलवाहिन्या डिंकासारख्या द्रव्याने बुजवून टाकतं. बुरशीची वाट बंद होते, तशी पाण्याचीही. ऐन जूनमध्ये हिरव्यागार माथ्यावर एखादीच फांदी पिवळी पडलेली दिसते आणि माळी काय ते समजतो.

यात बागांच्या रचनेनेही हातभार लावला. रस्त्याच्या दुतर्फा एल्मची कमान ही त्या काळची हौस. पण एकाच जातीची झाडं जवळजवळ लावली की जमिनीखाली त्यांची मुळं एकमेकांत जुळून जातात. मग रोगाला भुंगेऱ्याचीही गरज उरत नाही. तो मुळांतून शेजाऱ्याकडे जातो आणि अख्खी रांग एकेक करून बसते.

'द एल्म्स' बंगलाही जाणारच होता. बर्विंडची बहीण तिथे अखेरपर्यंत राहिली. ती १९६१ साली वारल्यावर सामानाचा लिलाव झाला आणि पाडापाडी ठरली. १९६२ साली 'प्रिझर्व्हेशन सोसायटी ऑफ न्यूपोर्ट काउंटी'ने १,१६,००० डॉलरना तो विकत घेतला. बांधायला लागले त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. घर वाचलं. दगड झिजला तर तसाच दगड घडवून बसवता येतो, छत गळलं तर दुरुस्त होतं. मेलेल्या एल्मचं काय करायचं? तिथे बीच नावाचे वृक्ष लावले, फांद्या जमिनीपर्यंत लोंबणारे.

बीच हे न्यूपोर्टचं खरं वैभव. हत्तीच्या पायासारखी राखाडी, गुळगुळीत साल आणि काहींची पानं तांबडी-जांभळी. पानात हिरवा रंग असतोच, पण अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य त्याला झाकून टाकतं. बी पेरलं तर सगळी रोपं तांबडी निघतील याची खात्री नाही, म्हणून चांगल्या झाडाची काडी साध्या बीचच्या खुंटावर बांधतात. कोयीतून हापूसची हमी नाही, त्यासाठी कलमच हवं, तसंच हे. जुनं झाड उन्मळून पडायच्या आत त्याच्या काड्या काढून ठेवल्या, तर नवं झाड जनुकीय दृष्ट्या हुबेहूब तेच असतं. वास्तुरक्षकांना हेवा वाटावा अशी ही सोय!

पण हुबेहूब म्हणजे दुखण्यांसकट हुबेहूब. शिवाय बागा श्रीमंतीच्या एकाच काळात लावल्या गेल्या, त्यामुळे झाडं एका वयाची आहेत आणि म्हातारीही एकदमच झाली. त्यात आता पानांचा रोग आलाय. २०१२ साली ओहायोतच पहिल्यांदा दिसला. डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी हिवाळ्यात कळ्यांमध्ये दडून बसतात. वसंतात पान उलगडतं तेव्हा त्यावर शिरांच्या मधोमध गडद पट्टे असतात, प्रकाशासमोर धरलं की स्पष्ट दिसतात. पुढे पान चामड्यासारखं जाड होतं, मग कळ्याच फुटेनाशा होतात. एल्मच्या जागी आलेल्या झाडाच्या बोकांडीही शेवटी असं काही बसलंच.

मग बाग जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं? या प्रश्नाला सर्वांत शहाणं उत्तर दिलं ते बिएट्रिक्स फॅरँड या बागरचनाकार बाईंनी, असं माझं मत आहे. वॉशिंग्टनमधल्या 'डंबार्टन ओक्स'च्या उतारावर त्यांनी ब्लिस दांपत्यासाठी १९२१ पासून पाव शतक बाग घडवली. १९४० साली ब्लिसनी ती हार्वर्ड विद्यापीठाला दिली. घरमालकीण जाणार, माळी बदलणार, हे ओळखून फॅरँडनी एक टिपणवहीच लिहून ठेवली. कुठे काय लावलंय एवढंच त्यात नाही. ते झाड तिथे कशासाठी आहे, छाटणी किती उंचीवर करायची, गेलं तर बदली म्हणून काय चालेल आणि काय अजिबात चालणार नाही, हे सगळं आहे. तिथल्या लंबगोल आकाराच्या मोकळ्या जागेला पूर्वी बॉक्सवुड या झुडपाचं दाट कुंपण होतं. ते १९५०च्या दशकाअखेर गेलं आणि हॉर्नबीम झाडांच्या दुहेरी ओळी आल्या. खोड मोकळं ठेवून वरचा पाला चौकोनी कातरलेला, जणू कुंपण जमिनीवरून उचलून टांगलंय. झाडं वेगळी, पण लंबगोलाची ती बंदिस्त शांतता शाबूत.

स्वतःच्या बागेबाबत मात्र फॅरँडनी उलट केलं. मेन राज्यातल्या एका बेटावर, बार हार्बरला समुद्रकाठी 'रीफ पॉइंट' हे त्यांचं घर होतं. तिथे उद्यानविद्येचं अभ्यासकेंद्र उभारायची त्यांची धडपड होती. १९४७च्या वणव्यात गावातले कित्येक बंगले जळाले, गावाचं उत्पन्न आटलं आणि नगरपालिकेने त्यांच्या संस्थेला करमाफी नाकारली. वयाची ऐंशी उलटलेली. पैशाची आणि जाणत्या माणसांची खात्री नसताना बाग हळूहळू बिघडत जाणं त्यांना बघवणार नव्हतं. १९५५ साली त्यांनी घर उतरवायला लावलं आणि ग्रंथसंग्रह कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठाला पाठवला.

झाडं त्याच बेटावरच्या चार्ल्स सॅव्हेज यांनी मागितली. जॉन रॉकफेलर धाकटे यांनी पैसे दिले. अझेलियाची फुलझुडपं मुळांच्या गड्ड्यांसकट उचलून नॉर्थईस्ट हार्बरला नेली आणि तिथल्या दलदलीच्या कडेने, जपानी धाटणीच्या तळ्याकाठी नव्याने रोवली. जूनच्या सुमारास 'अस्टिकू अझेलिया गार्डन'मध्ये गेलात तर ती फुललेली दिसतात.